शेजारी कुठलं पुस्तक ठेवायचं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००९ ते २०१४ अशी सहा वर्षं बारावीला बसलेल्या बहुतेक मुलांना एकाच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं: माणूस कुणाचा असतो, कुठला असतो, आणि हे ठरवतं कोण? तिथल्या बारावीला एचएससी म्हणतात आणि तिच्यात सक्तीचा विषय एकच, इंग्रजी. स्टँडर्ड आणि अ‍ॅडव्हान्स्ड या इंग्रजीच्या दोन्ही अभ्यासक्रमांना एक सामाईक भाग असायचा, 'एरिया ऑफ स्टडी'. त्याचं सूत्र काही वर्षांनी बदलायचं. आधी 'चेंज' होतं, मग 'जर्नी' आलं, आणि २००९पासून 'बिलाँगिंग', म्हणजे आपलेपणा.

पहिला पेपर दोन तासांचा आणि ४५ गुणांचा. न वाचलेल्या उताऱ्यांवरचे प्रश्न, स्वतःचं ललित लेखन आणि निबंध असे त्याचे तीन भाग, प्रत्येकी १५ गुणांचे. निबंधात शाळेनं नेमलेल्या पुस्तकाबरोबर मुलानं स्वतः निवडलेली निदान एक कलाकृती आणायची. तिला 'रिलेटेड टेक्स्ट' म्हणत. कविता, कथा, कादंबरी, नाटक, सिनेमा, चित्रपुस्तक, गाणं, काहीही चाले. सगळ्या अभ्यासक्रमात मुलाच्या हातात पूर्णपणे दिलेली गोष्ट ही एवढीच, आणि मुलं नेमकी इथेच अडायची. निवड शेवटी शिकवणीच्या यादीवरून व्हायची किंवा थोरल्या भावंडाच्या जुन्या वहीतून.

सिडनीतल्या मराठी घरांतली मुलंही याच बाकांवर बसली. त्यांच्या आईवडिलांच्या कपाटात 'बलुतं' होतं, 'उपरा' होतं, तेंडुलकर होते. 'आपण कुणाचे?' या प्रश्नावर मराठीनं गेल्या साठसत्तर वर्षांत जे लिहिलंय, त्याच्या तोडीचं लेखन शोधायला फार दूर जावं लागेल. तरी ती पुस्तकं निबंधात यावीत असं फार थोड्यांना सुचलं असेल. म्हणून या सबंध प्रश्नाचा आढावा घ्यावासा वाटला: आपलेपणाचा अभ्यास करताना एका कलाकृतीशेजारी दुसरी कुठली ठेवायची, आणि कशाच्या आधारावर?

तिथल्या शिक्षण मंडळाची अपेक्षा त्यांच्या कागदावर बरीच मोकळी होती. माणसं, जागा, गट, समाज आणि व्यापक जग यांच्याशी जुळणाऱ्या नात्यांतून आपलेपणा येतो. व्यक्तीचं आयुष्य, संस्कृती, इतिहास यांप्रमाणे त्याचं रूप बदलतं. एखादा माणूस समाजाला समृद्ध करतो किंवा त्याला आव्हान देतो. याच्या पुढे आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. काही माणसं कुणाचंही न होण्याचा निर्णय घेतात, आणि काहींच्या वाटेत अडथळे उभे केलेले असतात. माझ्या मते या विषयाचा गाभा या दोन गोष्टींतच होता. बहुसंख्य निवडी मात्र पहिल्या भागापाशीच थांबल्या.

नेमलेल्या पुस्तकांची यादी पाहिली तर हे जास्तच खटकतं. तीत शेक्सपिअरचं 'अ‍ॅज यू लाइक इट' होतं, आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल', डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', एमिली डिकिन्सनच्या कविता, झुंपा लाहिरींची 'द नेमसेक', बाझ लुहरमनचा १९९२चा सिनेमा 'स्ट्रिक्टली बॉलरूम', रेमंड गाइटांचं 'रोम्युलस, माय फादर', पीटर स्क्रिनेट्स्कींचा कवितासंग्रह 'इमिग्रंट क्रॉनिकल'. शिवाय आदिवासी ऑस्ट्रेलियाचं तीन बाजूंनी दर्शन घडवणाऱ्या तीन कलाकृती: तारा जून विंचची 'स्वॅलो द एअर', जेन हॅरिसनचं नाटक 'रेनबोज एंड' आणि रॉल्फ द हीअर व पीटर जिगिर यांचा 'टेन कनूज'. इतक्या तऱ्हांचं लेखन समोर असताना निवडी मात्र एका साच्याच्या व्हायच्या. नेमलेलं पुस्तक स्थलांतरितांचं असलं की शेजारी स्थलांतरितांचंच दुसरं. मग निबंधभर 'तसंच', 'त्याचप्रमाणे', 'इथेही' या शब्दांची ये-जा. दोन्ही पुस्तकं एकच वाक्य बोलतात हे सिद्ध झालं की निबंध संपला.

दुसरी कलाकृती घ्यायची ती पहिलीला जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी. विषय सारखा असला तर चालेल, पण बाजू वेगळी हवी. या लेखात मला एवढंच सांगायचंय. पुढची सगळी उदाहरणं त्याच्या कसोटीसाठी आहेत.

स्क्रिनेट्स्कींपासून सुरुवात करू, कारण अनेक वर्गांत तेच नेमलेले असत. जन्म १९४५चा, जर्मनीत. आईवडील पूर्व युरोपातले, युद्धानं उखडले गेलेले. १९४९ साली कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं, पार्क्सच्या निर्वासित छावणीत राहिलं आणि मग सिडनीच्या रीजंट्स पार्क भागात घर केलं. 'इमिग्रंट क्रॉनिकल' १९७५चं. त्यातली वडिलांवरची कविता वाचली की लक्षात येतं, आपलेपणा इथे बापाकडे आहे आणि पोरका मुलगा आहे. बाप आपल्या बागेत, पोलिश मित्रांच्या गप्पांत, स्वतःच्या संथ लयीत पूर्ण आहे. सरकारी कारकुनानं त्याच्या इंग्रजीवरून कुत्सितपणे विचारलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. मुलगा शाळेत लॅटिन शिकतो आणि घरातली भाषा हातातून निसटत जाते. म्हणजे देश सोडणारा स्थिर, आणि नव्या देशात वाढणारा अधांतरी. स्थलांतराच्या ठरीव कथेत हे नेमकं उलटं असतं.

याच्या शेजारी मुलं फार वेळा शॉन टॅनचं 'द अरायव्हल' ठेवायची. २००६चं हे चित्रपुस्तक, सव्वाशेच्या वर पानांचं, आणि आत एक शब्द नाही. पुस्तक अव्वल आहे यात वाद नाही. पहिल्याच पानावर छोट्या छोट्या चौकटी आहेत: कागदाचा घडीचा पक्षी, घड्याळ, टोपी, भांडं, लहान मुलानं काढलेलं चित्र, किटली, सुटकेस, घरच्यांचा फोटो. बाप घर सोडून निघालाय आणि त्याच्या निघण्याआधी वस्तू आपल्याला भेटतात. नव्या शहरात पोचल्यावर पाट्या आहेत, पण लिपी टॅननं स्वतः रचलेली. नायकाला ती वाचता येत नाही आणि आपल्यालाही नाही. फळांची सोलायची रीत माहीत नाही, प्राणी कधी न पाहिलेले, घड्याळाचे काटे निराळे. वाचकाला परकेपण समजावून सांगायच्या भानगडीत न पडता टॅन त्याला परकं करून टाकतो. एखाद्या निबंधात हा एकच मुद्दा नीट मांडला तरी पुष्कळ झालं.

स्क्रिनेट्स्कींशेजारी ते ठेवायचं तर दोघांमधला फरकही लिहायला हवा. 'द अरायव्हल'मध्ये साल नाही, देशाचं नाव नाही. घर सापडतं, काम मिळतं, बायकोमुलगी येऊन मिळतात, आणि शेवटी तीच मुलगी नव्यानं आलेल्या एका बाईला रस्ता दाखवते. आपलेपणा तिथे पूर्ण होतो. स्क्रिनेट्स्कींच्या छावणीला नाव आहे, गावाला नाव आहे, राहत्या घराचा नंबरसुद्धा आहे, आणि आपलेपणा काही पूर्ण होत नाही. नाव-गाव काढून टाकल्यामुळेच टॅनला सुखान्त जमला का? या प्रश्नावर लिहिणाऱ्या मुलानं दोन्ही पुस्तकं खऱ्या अर्थानं वाचली असं मी म्हणेन.

मला विचाराल तर स्क्रिनेट्स्कींशेजारी मी मुंबईचा कवी ठेवीन. निसीम इझिकेल, जन्म १९२४, बेने इस्रायली. कोकणात तेलाच्या घाण्यावर शतकानुशतकं राबलेला, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनवार तेली' म्हणवला गेलेला हा मराठी बोलणारा यहुदी समाज. इझिकेल लिहीत इंग्रजीत, पण वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंदिरा संतांच्या कविताही इंग्रजीत नेल्या. त्यांची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' ही कविता स्क्रिनेट्स्कींच्या 'सेंट पॅट्रिक्स कॉलेज'शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे कॅथलिक शाळा, दोन्हीकडे त्या शाळेत न मावणारा मुलगा. स्क्रिनेट्स्कींच्या कवितेत आईला शाळेच्या गणवेशाचा रुबाब भावलेला असतो आणि आठ वर्षं त्याच बसनं जाऊनही मुलाची ती शाळा होत नाही. तिथला परकेपणा शांत आहे, धुक्यासारखा. इझिकेलांचा मुलगा मार खातो, धर्मावरून टोमणे ऐकतो, आणि त्याच शाळेत धर्मग्रंथाचं बक्षीस पटकावतो. पुढे लंडनला जातो, बोटीवर फरश्या घासत परत येतो, आणि शेवटी ठरवतो की राहायचं ते इथेच, या मागासलेल्या जागी. त्या ठरवण्यात एक हट्ट आहे. आपलेपणा अंगात मुरायची वाट न बघता तो निश्चयानं पत्करता येतो, ही गोष्ट स्क्रिनेट्स्कींच्या कवितांत सापडत नाही. म्हणून ही जोडी जमते. आणि कविता दोन पानांची आहे, ओळ न् ओळ डोक्यात ठेवता येते, हेही परीक्षेच्या दृष्टीनं काही कमी नाही.

कुणाचंही न होण्याच्या निर्णयाबद्दल थोडक्यात. 'अ‍ॅज यू लाइक इट'च्या शेवटी चार लग्नं लागतात, सरदाराचं राज्य परत मिळतं, सगळे रानातून दरबाराकडे निघतात आणि जॅक्विस एकटा मागे राहतो. एवढ्या आनंदाच्या नाटकात शेक्सपिअरनं या एका माणसाला आत ओढलेलं नाही. त्याच्याशेजारी ठेवायला अरुण कोलटकरांची 'जेजुरी' फार योग्य. १९७६ साली पुस्तकरूपानं आलेल्या या इंग्रजी कवितामालेतला पाहुणा भंडारा उधळणाऱ्या गर्दीत आहे पण तिचा नाही. देवळाच्या दारावर, दगडावर, पुजाऱ्यावर त्याची नजर खिळते. हात जोडले जात नाहीत. आणि तरी त्या जागेबद्दल त्याला तुच्छताही नाही. 'बनगरवाडी'तला मास्तर हे याचं दुसरं टोक. धनगरांच्या वस्तीवर आलेला परका पोरगा कामामुळे गावाचा होतो, आणि मग दुष्काळात गावच उठून जातं. माडगूळकरांनी १९५५ साली लिहिलेली ही छोटी कादंबरी 'आपण गावाचे झालो, आता गाव कुठाय?' या प्रश्नावर येऊन थांबते.

अडथळ्यांच्या बाबतीत जरा रेंगाळायला हवं, कारण इथे मराठी कलाकृती खरोखर दुसरी बाजू आणून देते.

जेन हॅरिसनचं 'रेनबोज एंड' व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन-मूरूप्ना भागात घडतं. काळ १९५०चं दशक. नदीकाठच्या पुराच्या पट्ट्यात, 'द फ्लॅट्स'वर, आदिवासी कुटुंबं पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या खोपटांत राहत. नाटकात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांच्या बायका आहेत. १९५४ साली इंग्लंडची राणी या भागातून जाणार म्हणून रस्त्याच्या कडेनं गोणपाटाचे पडदे लावले जातात, तिला ही खोपटं दिसू नयेत म्हणून. हे पडदे लेखिकेच्या कल्पनेतले नाहीत. त्या वर्षी ते खरोखर लावले गेले होते. घर बांधायला जे गोणपाट लागतं, तेच गोणपाट घर लपवायला सरकार आणतं.

आता नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आठवा. २०१३चा सिनेमा, म्हणजे 'बिलाँगिंग'च्या अखेरच्या तुकडीलाच तो मिळू शकला असता. कैकाडी कुटुंब जत्रेआधी गावातली डुकरं धरायला लावलंय. कचरू माने, त्याची बायको, पोरी आणि शाळेत जाणारा जब्या. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत गावकरी आणि जब्याच्या वर्गातली पोरं बघ्यासारखी उभी, फोटो काढतायत, हसतायत. डुक्कर आता हाती येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग घरचे सगळे. डुक्कर सुटतं. त्या काही सेकंदांत कॅमेऱ्यासमोर एक कुटुंब संपूर्ण देशाचं आहे, आणि त्या देशानं त्यांना दिलेलं काम समोरून पळून चाललंय. पुढे ते डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेताना भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं मागे सरकत जातात.

दोन्हीकडे राष्ट्राचा सोहळा आहे आणि दोन्हीकडे त्याच्या आड येणारं एक गरीब कुटुंब. हॅरिसनच्या नाटकात सत्ता त्यांना झाकते. मंजुळेंच्या सिनेमात कुणीच झाकत नाही. उलट त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलंय, आणि सोहळ्यात सामीलही करून घेतलंय. बाहेर ठेवण्याच्या या दोन अगदी निराळ्या पद्धती आहेत. नाटकातल्या बायकांकडे तरी आपली माणसं आहेत, आजीच्या आठवणी आहेत, परतायला एक मूळ जागा आहे. जब्याकडे तेही नाही. तो ज्या गावाचा आहे तेच गाव त्याच्यावर हसतंय. शेवटी तो दगड उचलून मारतो तो थेट आपल्याकडे. एका वाक्यात 'दोन्ही कलाकृतींत वंचितांचं परकेपण दिसतं' असं लिहून मोकळं झालं की हे सगळं सांडून जातं.

याच कैकाडी समाजातून लक्ष्मण माने आले, आणि त्यांचं 'उपरा' १९८०चं. ते निवडणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट दाखवता येईल: गावानं नाकारलेल्या समाजाची स्वतःची जातपंचायतही आपल्या माणसाला बाहेर काढू शकते. अडथळा फक्त वरून येत नाही.

'द क्रूसिबल'ला तर मराठीत जवळजवळ ठरलेलं उत्तर आहे, आणि ते एवढं समोर असून कुणी हाताशी घेत नाही याची हळहळ वाटते. मिलरचं नाटक १९५३चं, १६९२च्या सेलममधल्या चेटकीण खटल्यांवरचं, त्याच्या स्वतःच्या अमेरिकेतल्या कम्युनिस्ट-शोधाकडे बोट दाखवणारं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७चं. दोन्हींत कोर्ट आहे आणि दोन्हींत कोर्ट हा समाजाचा स्वतःला शुद्ध करून घेण्याचा विधी आहे. पण मिलरच्या नाटकात खऱ्या कोर्टात पोरी नाटक करतात आणि माणसं फासावर जातात. तेंडुलकरांच्या नाटकात हौशी मंडळी वेळ घालवायला खोटं कोर्ट मांडतात आणि लीला बेणारेचं खरं आयुष्य त्यात सापडतं. जॉन प्रॉक्टर आपलं नाव कागदावर द्यायला नकार देतो आणि मरणात का होईना ताठ राहतो. समाजानं त्याला बाहेर काढलं, पण इतिहासानं आत घेतलं. बेणारेला असं काही मिळत नाही. तिचं लांब स्वगत होतं तेव्हा बाकीचे थिजलेले असतात. ते कोर्टानं ऐकलेलंच नसतं. तिनं मरून मोठं व्हायचं नाही, तिला उद्या सकाळी याच माणसांत जगायचंय. मिलरला वीर हवा होता. तेंडुलकरांनी तो मिळू दिला नाही, आणि समूह माणसाला कसा गिळतो हे त्यामुळेच जास्त भयंकर दिसतं. प्रिया आडारकरांचं इंग्रजी भाषांतर १९७८पासून आहे, म्हणजे सिडनीतल्या मुलालाही ते मिळण्यासारखं होतं.

'द नेमसेक'शेजारी मी 'बलुतं' ठेवीन. लाहिरींच्या कादंबरीत बापाचा जीव आगगाडीच्या अपघातात गोगोलच्या पुस्तकामुळे वाचलेला असतो, म्हणून मुलाचं नाव गोगोल. पुढे मुलगा कॉलेजला जायच्या आधी कायदेशीर रीतीनं निखिल होतो. दोन नावांच्या मध्ये त्याचं अख्खं तारुण्य जातं. दया पवारांच्या १९७८च्या आत्मकथनातही माणूस एक आणि नावं दोन. दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतोय, आणि ऐकतोय तो शिकलेला, नोकरी करणारा, लेखक झालेला दया पवार. एकाच माणसाचे हे दोन भाग समोरासमोर बसलेत आणि त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. गोगोल आणि निखिल ही दोन्ही नावं घरच्यांनी मायेनं दिलेली होती. दगडू, धोंडू, कचरू ही नावं जातीच्या उतरंडीतून आलेली आहेत. गोगोलला आपलं जुनं नाव पुन्हा जवळ घेता येतं, कारण त्यामागे बापाची गोष्ट आहे. दगडूकडे परत जाणं म्हणजे काय, हे 'बलुतं' वाचूनच कळतं. जेरी पिंटो यांचं इंग्रजी भाषांतर २०१५ला आलं, तेव्हा 'बिलाँगिंग' नुकतंच संपलं होतं. बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं'चं माया पंडित यांनी केलेलं भाषांतर मात्र २००८लाच उपलब्ध होतं. त्यातली 'मी' बहुतेक वेळा 'आम्ही' म्हणून बोलते, आणि आपलेपणाच्या अभ्यासाला आत्मकथनाचं हे अनेकवचनी रूप फार कामाचं आहे.

भाषांतर वापरण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. भाषांतरित पुस्तकातल्या एखाद्या शब्दाच्या छटेवर दोन परिच्छेद लिहू नयेत. तो शब्द भाषांतरकाराचा असतो. लिहावं ते रचनेवर, प्रसंगांच्या क्रमावर, कोण बोलतंय आणि कुणाशी यावर, नाटकात कोण गप्प आहे यावर. 'शांतता!'मध्ये प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाहीत. ही अनुपस्थिती कुठल्याही भाषेत तितकीच ऐकू येते.

रूपाचाही विचार हवा. नेमलेली कादंबरी असेल तर शेजारी सिनेमा किंवा कविता घ्यावी, म्हणजे दोन माध्यमं आपलेपणा कशी घडवतात यावर आपोआप बोलता येतं. 'टेन कनूज' हा आदिवासी भाषांमध्ये झालेला ऑस्ट्रेलियाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्याची प्रेरणा आहे १९३०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी घेतलेलं दहा होड्यांचं छायाचित्र. बाहेरच्या माणसानं काढलेला फोटो पुढे त्या समाजानं आपल्या तोंडून सांगितला. अशी कलाकृती दोन ओळींत उरकली जाते, कारण मुलं फक्त 'गोष्ट काय' एवढंच टिपून घेतात. जाड कादंबरी दुसरी कलाकृती म्हणून घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. चाळीस मिनिटांत तिचा सारांश लिहिण्यापलीकडे काही होत नाही, आणि सारांशाला गुण नसतात.

'रॅबिट-प्रूफ फेन्स'सारख्या सिनेमाबद्दल लोक म्हणतात की तो फार वापरून झाला. १९३१ साली सरकारनं आईपासून तोडलेल्या तीन मुली सशांच्या कुंपणाच्या कडेकडेनं सुमारे १,६०० किलोमीटर चालत घराकडे निघतात, त्याची ही खरी हकीकत. मूळ पुस्तकाची लेखिका डॉरिस पिल्किंग्टन गॅरिमारा त्यांतल्या मॉलीची मुलगी. अशी कलाकृती वापरून झिजत नाही. झिजतं ते त्यावरचं पाठ केलेलं वाक्य. कुंपण ही गोऱ्यांनी ससे अडवायला घातलेली रेषा, आणि मुलींना मात्र तीच घराची खूण होते, एवढं स्वतःच्या शब्दांत लिहिणारं मूल यादीवरून निवड करूनही यादीच्या बाहेर पडलेलं असतं.

पाठांतराच्या या रोगावर मंडळानं पुढे जालीम उपाय केला. २०१५ ते २०१८ 'डिस्कव्हरी' हे सूत्र होतं, तेव्हा स्वतःच्या निवडीची अट होतीच. २०१९पासून 'टेक्स्ट्स अँड ह्यूमन एक्स्पीरियन्सेस' आलं आणि पहिला पेपर दीड तासाचा, ४० गुणांचा झाला. स्वतः निवडलेली कलाकृती परीक्षेच्या सभागृहातून बाहेर गेली. ती फक्त शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनापुरती राहिली. घोकून आणलेले निबंध जसेच्या तसे उतरवले जात होते, त्याला आळा घालायची गरज होती, हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर मोठी गोष्ट गेली. घरातलं पुस्तक, आजीनं सांगितलेली गोष्ट पुस्तकात सापडते ती जागा, दुसऱ्या भाषेतला सिनेमा सार्वजनिक परीक्षेच्या कागदावर मानानं आणायची एकमेव वाट बंद झाली. परप्रांतातून, परदेशातून आलेल्या घरांतल्या मुलांचं यात जास्त नुकसान झालं.

आपल्याकडे तर ही वाट कधी नव्हतीच. 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात जे नेमलंय त्यावर प्रश्न येतात आणि उत्तरंही तेवढ्यातच द्यायची. स्वतः एक कविता निवड, ती पाठ्यपुस्तकातल्या धड्याशेजारी ठेव आणि दोघांचं कुठे पटत नाही ते लिही, असं बारावीच्या मराठी मुलाला कुणी सांगत नाही. पेपरात नसलं म्हणून वर्गात करायला अडचण नसावी. एक तास, एक नेमलेला धडा आणि मुलांनी आणलेली एकेक कलाकृती, एवढ्यावर हे सुरू करता येतं.

सिडनीतल्या मराठी पालकांना माझं सांगणं आहे की शाळेतल्या मूल्यमापनासाठी अजूनही अशी एक कलाकृती निवडावी लागते. मूल निवडीसाठी बसलं की त्याच्या हातात यादी देऊ नका. 'फँड्री' एकत्र बसून बघा, तेंडुलकरांचं नाटक दोन रात्री मोठ्यानं वाचा. मग त्याला एवढंच विचारा की शाळेतलं पुस्तक यावर काय म्हणालं असतं. उत्तर वेगळं आलं, वाद झाला, तर तीच कलाकृती घ्यायला सांगा.